पहिलं पाऊल कुणी पाहिलं, याचा जाब एकट्या आईला का?

नोकरी करणाऱ्या आईवर एक आरोप इतक्या मऊ शब्दांत केला जातो की तो आरोप आहे हे चटकन ध्यानात येत नाही. 'बिचारीला बाळाचं काही बघायलाच मिळालं नाही.' बाळ पालथं पडलं तेव्हा ती ऑफिसात होती, पहिला शब्द बोललं तेव्हा लोकलमध्ये होती, पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मीटिंगमध्ये होती. हळहळ संपली की वाक्याचा दुसरा भाग येतो. 'म्हणून मग वाढदिवसाला एवढा थाट करतात. मनाला खातं ना आतून.' आधी क्षण हुकवल्याचा ठपका ठेवायचा, आणि पुढे जो क्षण तिने हौसेने साजरा केला तोच त्या ठपक्याची कबुली म्हणून तिच्या नावावर मांडायचा. या मांडणीत आईला कुठूनच सुटका नाही.

हे मी हळदीकुंकवात ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, पुरवण्यांतल्या लेखांत वाचलं आहे. आणि प्रसूतिरजा संपवून कामावर परतलेल्या एका तरुण सहकारी मुलीच्या तोंडून, तिने स्वतःविरुद्धच वापरलेलं ऐकलं आहे. ते मला सर्वांत जास्त लागलं. हुशार, कामात चोख मुलगी, आणि ती म्हणत होती, 'मॅडम, मी आई म्हणून कमीच पडतेय.' कुणाच्या मापाने कमी, हे तिने विचारलं नव्हतं. ते माप तपासावं म्हणून हा लेख.

आरोप करणारे परंपरेचा आधार घेतात, म्हणून परंपरेपासूनच सुरू करते. आपल्या घरांतून मुलाचे कोणते टप्पे साजरे होत आले, आणि ते कुणाच्या हातून झाले? बारशाला नाव ठेवते ती आत्या. उष्टावणाला मूल बसतं ते मामाच्या मांडीवर, चांदीच्या वाटीतली खीर तो त्याच्या ओठाला लावतो. जावळ काढतानाही मांडी मामाचीच. कान टोचायला सोनार. आणि बोरन्हाण तर जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्यांच्या मुलांचं. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेलं बाळ पाटावर बसवलेलं असतं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या ओतल्या जातात, आणि ते वेचायला अख्ख्या आळीतली पोरं गुडघे टेकून तुटून पडतात. या सगळ्यात आई कुठे असते? पाहुण्यांची पानं वाढायची असतात, म्हणून बहुतेक वेळा ती स्वयंपाकघरात असते. माझ्या आजीच्या, आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी आपल्या मुलाचं उष्टावण दाराआडून, हातात डाव घेऊन पाहिलं. त्या घरात असूनही तो क्षण त्यांच्या वाट्याला आला नव्हता. त्याबद्दल कुणी लेख लिहिला नाही.

परंपरेने मुलाचे टप्पे मुद्दाम वाटून दिले आहेत. आत्या, मामा, आजी, शेजारपाजार, सगळ्यांना त्यात एकेक काम आहे, मान आहे. मूल जन्मलं की ते एका बाईच्या ताब्यात गेलं असं या विधींनी कधी मानलं नाही. प्रत्येक टप्प्याला आईच साक्षीदार हवी, तिने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नाही तर काहीतरी कायमचं हरवलं, ही मागणी अलीकडची आहे. एकत्र कुटुंब मोडून तीन-चार माणसांच्या फ्लॅटमध्ये आलं, आत्या-मामांची कामं आपोआप आईच्या अंगावर पडली, आणि हातात कॅमेऱ्याचा फोन आला. मग पहिलं हसू, पहिला दात, पहिली भाजी अशा सगळ्याची तारीख आणि पुरावा ठेवण्याची जबाबदारीही तिचीच झाली. ही जबाबदारी नवी आहे एवढं तरी मान्य करा. तिला सनातन म्हणून आईच्या डोक्यावर ठेवू नका.

आता त्या पहिल्या पावलाकडे जरा जवळून पाहू. ज्यांनी मूल वाढवलं आहे त्यांना ठाऊक आहे की पहिलं पाऊल एका तारखेला पडत नाही. मूल आधी सोफ्याला धरून उभं राहतं, मग कडेकडेने सरकतं, एक हात सोडतं, धपकन बसतं, पुन्हा उठतं. हे आठवडेच्या आठवडे चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने वाढीचे निकष ठरवताना वेगवेगळ्या देशांतली मुलं पाहिली, तेव्हा निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण ८ ते १८ महिने इतका पसरलेला निघाला. एवढ्या लांबच्या प्रवासातलं एक पाऊल पहिलं कोणतं, तर त्या वेळी जो समोर होता त्याने पाहिलं ते. माझ्या मुलीने तिची पहिली दोन पावलं पाळणाघरात टाकली, लोखंडी कपाटापासून तिथल्या काकूंच्या मांडीपर्यंत. काही पाळणाघरांतल्या बायका अशी गोष्ट आईला सांगत नाहीत, तिला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतात आणि आईला घरी ते 'पहिल्यांदा' बघू देतात. आमच्या काकूंनी दारातच सांगितलं, मोठ्याने, त्यांचा आनंद त्यांना आवरत नव्हता. मला आनंदच झाला. दोन्ही हात पसरून माझ्या मुलीची वाट बघणारं आणखी एक माणूस जगात होतं, आणि तिचा त्या माणसावर इतका विश्वास होता की तिने कपाट सोडलं. यात माझं नुकसान कुठे आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

आता हिरकणीकडे येते, कारण नोकरी करणाऱ्या बाईसमोर आईपणाचा आदर्श म्हणून तिचंच नाव ठेवलं जातं. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण. सांज झाली, गडाचे दरवाजे बंद झाले, पहारेकरी सोडेनात, आणि खाली घरी तान्हं बाळ. ती कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधवला, तो हिरकणी बुरूज, अशी आख्यायिका आहे. शाळेत ही गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली, आणि सगळ्यांचं लक्ष कड्याकडे गेलं. मी म्हणते, जरा दुधाच्या चरवीकडे बघा. हिरकणी कामावर आली होती. तान्हं मूल घरी ठेवून, रोज, गड चढून, धंद्याला. गोष्टीत तिला त्याबद्दल कुणी दोष देत नाही. तिच्या पोटापाण्याचा तो उद्योग होता आणि गडालाही तिच्या दुधाची गरज होती. तिची अडचण एकच होती. दरवाजा कधी बंद व्हायचा हे ठरवताना बाळ घरी असलेल्या बाईचा विचार कुणी केलेला नव्हता.

ही गोष्ट सांगून आजच्या आईला 'बघ, आई अशी असते' म्हणणारे लोक तिच्याकडून रोज कडा उतरण्याची अपेक्षा करत असतात. मला त्या गोष्टीतून दुसरंच दिसतं. काम करणारी आई आपल्याकडे नवी नाही. रोपणीच्या दिवसांत कोकणातल्या शेताच्या बांधावर झाडाला बांधलेली झोळी, कोळणीच्या पाटीशेजारी बसलेलं पोर, गिरणगावात खानावळ चालवणारी आणि गिरणीत काम करणारी बाई, हे सगळं आपल्याच भूमीतलं आहे. ऑफिसात खुर्चीवर बसणारी बाई आली तेव्हा कुठे 'नोकरी करणारी आई' हा चर्चेचा विषय झाला, कारण तेव्हा ती मध्यमवर्गाच्या घरात आली. एसटीच्या स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी केलेल्या खोलीला 'हिरकणी कक्ष' हे नाव आहे. कल्पना योग्य आहे आणि नावही योग्य आहे. ती खोली उघडी, स्वच्छ आणि बसण्याजोगी असणं म्हणजे दरवाजा उघडा ठेवणं. मी ज्या स्थानकांतून प्रवास केला त्यातल्या काहींत तिला कुलूप होतं.

'पण तान्ह्या बाळाला आईच लागते ना?' हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून उत्तरही सरळ देते. हो, लागते. बाळंतिणीला विश्रांती लागते आणि बाळाला तिचं दूध लागतं. मग हे वाक्य आईला ऐकवून उपयोग नाही. ते रजा मंजूर करणाऱ्याला ऐकवा.

आपल्याकडचा १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा २०१७ साली दुरुस्त झाला आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच ठेवली आहे. या २६ मधले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. पाय सुजले, रक्तदाब चढला, डॉक्टरांनी झोपून राहा म्हटलं, म्हणून जिने ते आठ आठवडे आधीच वापरले, तिच्या हातात नंतर १८ उरतात. चार महिने आणि वर थोडे दिवस. डॉक्टर सांगतात, पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध. जिला पूर्ण २६ आठवडे नंतर मिळाले, तिची रजासुद्धा नेमकी सहाव्या महिन्यात संपते. म्हणजे बाळ पहिल्यांदा वरचं अन्न घेणार, उष्टावण होणार, त्याच आठवड्यात आई कामावर हजर. हे दिवस आईने निवडलेले नाहीत. ते कायद्याने आखले, आणि बोल लागला तिला.

रजा संपल्यानंतरचं काय? मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला वेळ द्यावा, असं मूळ कायद्यातच होतं. पण मूल शेजारच्या शहरात आणि आई इथे असेल तर त्या वेळेचं तिने काय करायचं? म्हणून २०१७ मध्ये पाळणाघराची अट आली. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं. अट चांगली आहे. तुमच्या ओळखीतल्या किती जणींच्या ऑफिसला पाळणाघर आहे, एवढं एकदा विचारून बघा. एका कचेरीत मी दूध काढायला जुन्या फायलींच्या खोलीत बसत असे. कडी आतून लागत नव्हती, म्हणून शिपाईमावशी बाहेर स्टूल टाकून बसायच्या आणि कुणी आलं की 'साहेब, आत काम चालू आहे' म्हणून सांगायच्या. बाटली डबा ठेवायच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या डब्यांमागे. माझ्या मुलीच्या पहिल्या वर्षात त्या मावशींचा जितका वाटा आहे तितका त्या कचेरीच्या सगळ्या धोरणांचा मिळून नाही.

आणखी एक गाठ आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. कामगार राज्य विमा योजनेत न येणाऱ्या बाईच्या २६ आठवड्यांचा सगळा पगार मालकाने एकट्याने द्यायचा असतो. मग नोकरी देताना लग्न झालेल्या मुलीकडे तो कसा पाहतो, हे मुलाखतीतून बाहेर आलेल्या मुलींना विचारा. या प्रश्नावर मुंबईत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी स्पष्ट बोललं गेलं होतं. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बाळंतिणींसाठीचं विधेयक चर्चेला आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि लोककल्याण हे सरकारचं काम असल्याने या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली तो कायदा झाला. त्या भाषणात आईपण ही एका बाईची खासगी हौस नव्हती, सगळ्या समाजाचं काम होतं. तेवढं समंजस बोलणं आजच्या चर्चेत मला क्वचित ऐकू येतं.

आणि बाप? हुकलेल्या क्षणांच्या यादीत त्याचं नाव नसतंच. मूल पालथं पडलं तेव्हा तोही कामावर होता, पहिला शब्द त्यानेही ऐकला नाही, पण त्याला कुणी 'बिचारा' म्हणत नाही आणि त्याने वाढदिवसाला फुगे आणले तर ती भरपाई ठरत नाही. तो चांगला बाप ठरतो. खासगी नोकरीत बापाला पितृत्व रजा देणारा कायदा देशात नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात. तिथेच बालसंगोपनाची ७३० दिवसांची रजा आहे, पण ती बाईला किंवा एकट्या पुरुषाला. बायको असलेल्या पुरुषाला ती नाही, कारण बायको आहे म्हणजे मूल तिचं, हे नियमाने गृहीत धरलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. पुढची पाहणी २०२४ ची. तिच्यात बाईची २८९ झाली आणि पुरुषाची ८८. हे आकडे घरात काही ना काही काम करणाऱ्या पुरुषांचे आहेत. जे काडीही हलवत नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. पाच वर्षांत, मधल्या टाळेबंदीत सगळं घर एका छपराखाली राहूनसुद्धा, पुरुषांची मिनिटं कमी झाली. क्षण कुणाचे हुकतात याची चिंता करणाऱ्यांनी ही नऊ मिनिटांची घसरण आधी वाचावी.

हे सगळं लिहिताना मला जाणवतं की रजा, पाळणाघर, फ्रिज हे बोलणंच ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही अशा आया आपल्या राज्यात फार आहेत. बीडहून ऊसतोडीला जाणारी बाई दसरा-दिवाळीच्या सुमाराला घर सोडते ती उन्हाळ्यात परतते. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, उचल दोघांच्या नावावर, आणि एक दिवस कामावर नाही आलं तर खाडा म्हणून दंड. तिचं बाळ फडाच्या कडेला कोपीत असतं, नाहीतर पाचटावर अंथरलेल्या गोधडीवर. तिच्या डोळ्यांसमोर ते बसतं, रांगतं, चालतं, म्हणजे आरोप करणाऱ्यांच्या मापाने तिने एकही क्षण हुकवलेला नाही. तरी आजारी मुलाला घेऊन एक दिवस दवाखान्यात बसणं तिला परवडत नाही. २०१९ मध्ये या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी झाली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी आली, दुखलं, तरी खाडा नको, हे त्यामागचं एक कारण होतं. आई समोर असणं आणि आईला वेळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या फडावर गेल्यावर कुणालाही कळेल.

आणि अंगणवाडी सेविका. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांचा अन्नप्राशन दिवस आता पोषण अभियानात अंगणवाडीतच साजरा होतो. रांगोळी, ओवाळणं, वाटीत मऊ खिचडी. गरोदर बाईची ओटी भरली जाते. हे सगळं करते ती सेविका, १९७५ पासून चालत आलेल्या अंगणवाडीच्या योजनेत अजूनही मानधनावर. गावातल्या प्रत्येक बाळाच्या पहिल्या घासाला ती हजर असते. स्वतःच्या मुलाच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी मात्र तिची नोंदणीची आढावा बैठक निघते. तिला कुणी 'क्षण हुकवणारी आई' म्हणणार असेल, तर त्याने तिच्या अंगणवाडीत एक दिवस बसून यावं.

आता थाटाचं. पहिल्या वाढदिवसाला हॉल, फुग्यांची कमान, मोठा केक, परत द्यायच्या भेटवस्तू, हे वाढलं आहे, आणि त्यातला बराच खर्च मलाही पटत नाही. पण हे नोकरदार आईचं अपराधी मन करतं, या म्हणण्याला आधार काय? ज्या घरांतली आई पूर्ण वेळ घरी असते त्या घरांतही हेच हॉल, हेच फुगे असतात. गावाकडे तर चौकात फ्लेक्स लागतो, आणि त्यावर आईचा फोटोही क्वचितच असतो. तेव्हा देखाव्यावर बोलायचं असेल तर सगळ्यांच्या देखाव्यावर बोला. त्याचं सगळं मूळ पगारदार बाईच्या मनात शोधू नका.

कामावर जाणाऱ्या बाईच्या घरातला सण मी आतून पाहिला आहे. तो बहुतेक वेळा रविवारी असतो. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी करता येतं, हळदीकुंकवाचंही तसंच. ही मुभा आपल्या रीतीतच आहे, त्यामुळे रविवारी केल्याने काही उणं होत नाही. आमच्याकडे हलव्याचे दागिने माझ्या आईने केले. मला ते करायला वेळ नव्हता आणि तिला हौस होती. चुरमुरे आणि बोरं नवऱ्याने मंडईतून आणली. वरच्या मजल्यावरच्या मुलांना बोलवायला मुलगी आजोबांच्या कडेवर बसून घरोघर गेली. मी त्या दिवशी पाटाच्या अगदी समोर, जमिनीवर बसले होते, आणि एक बोर तिच्या झबल्यात अडकलं तेव्हा ती दचकून माझ्याकडे बघून हसली, ते मी पाहिलं. मी स्वयंपाकघरात नव्हते, कारण जेवण बाहेरून सांगितलं होतं. माझ्या आईला तिच्या काळात जे मिळालं नाही ते मला माझ्या पगारामुळे मिळालं. ही भरपाई वगैरे काही नाही. हा माझा वाटा आहे, आणि तो मी कमावला आहे.

यात आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे आईचे स्वतःचे टप्पे. मूल पहिल्यांदा शाळेत गेलं तर फोटो निघतो. आई बाळंतपणानंतर पहिल्यांदा कामावर गेली, विभागीय परीक्षा पास झाली, बढती मिळाली, तर त्या संध्याकाळी घरात वेगळं काय होतं? बहुतेक घरांत नेहमीची पोळीभाजी, आणि तीही तीच लाटते. हे टप्पे साजरे करण्याची रीत बायकांनी घराबाहेर, लोकलच्या महिला डब्यात स्वतःच पाडली. १९९२ साली चर्चगेटवरून पहिली महिला विशेष लोकल सुटली, तेव्हापासून किती मैत्रिणी त्या डब्यांत जमल्या असतील! गर्दीच्या वेळच्या डब्यात डोहाळजेवण झालेलं मी पाहिलं आहे. खिडकीजवळची जागा गर्भार मैत्रिणीला मोकळी करून दिली, कुणी शेवंतीची वेणी आणि फुलांचे बाजूबंद पिशवीतून काढले, कुणी नारळ, कुणी खण, उभ्याउभ्याच ओटी भरली गेली, आणि डब्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पेढे एका हातातून दुसऱ्या हातात गेले. दादर आलं तेव्हा निम्म्या जणी उतरून गेल्या, पण उतरताना प्रत्येक जण तिच्या पोटाला, मग स्वतःच्या कपाळाला हात लावून गेली. बढतीचे पेढेही याच डब्यात वाटले जातात. निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या फेरीला हारही इथेच घातला जातो. काम आणि आईपण एका बाईत एकत्र नांदू शकतं, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. ते घरात शिरायला हवं. आपल्या आईला बढती मिळाली म्हणून घरात श्रीखंड आलं, हे आठवणारी मुलं मला हवी आहेत.

'पैशासाठीच ना हे सगळं?' असंही कुणी म्हणतं. पैसा लागतो. घराचा हप्ता, मुलांची फी, सासऱ्यांची औषधं, माहेरच्यांना लागणारी मदत, हे आपोआप होत नाही. पण पैशाखेरीज, मला माझं काम आवडतं आणि ते मला चांगलं येतं. एवढं कारण पुरुषाला पुरतं. त्याला पुढे कुणी काही विचारत नाही. मलाही ते पुरावं.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मान्य करते, आणि तो सहसा आरोप करणाऱ्यांच्या तोंडून येत नाही. माझी नोकरी दुसऱ्या बायकांच्या वेळेवर उभी आहे. पाळणाघरातल्या काकू, तिथे मदतीला येणाऱ्या मावशी, घरी पोळ्या करणारी ताई. यांतली प्रत्येक जण नोकरी करणारी आई आहे, फक्त तिच्या नावावर एका दिवसाचीही प्रसूतिरजा नाही. तिचं मूल तापाने फणफणलं तरी आपल्याला ती नऊला दारात हवी असते. माझ्या क्षणांबद्दल मी एवढं बोलणार आणि तिच्या मुलाचं बारसं सुट्टीच्या दिवशी बसव म्हणणार, तर माझ्या बोलण्याला काही किंमत नाही. तिच्या मुलांच्या दिवसांना पगारी सुट्टी, आजारपणाला पगारी सुट्टी, बाळंतपणात महिन्याचे पैसे चालू, आणि हे तोंडी नाही तर कामावर येण्याआधीच ठरलेलं हवं. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून केलं तर ते कुणालाच जड नाही.

आमच्या पाळणाघरातल्या मावशींच्या मुलीचं डोहाळजेवण पुढच्या महिन्यात गुरुवारी आहे. मावशी सुट्टीवर असतील, त्यांच्याशिवाय काकूंना एवढी मुलं आवरायची नाहीत, म्हणून पाळणाघर बंद राहील. त्या दिवसाचे पैसे कुणाचेही कापायचे नाहीत हे आम्ही पालकांनी ठरवलं आहे. मुलं घरी राहणार, आणि आमच्या गटातल्या बापांना आम्ही सांगितलं आहे की रजेचे अर्ज या वेळी त्यांनी टाकायचे. तिघांनी टाकले आहेत. बाकीच्यांची वाट बघतो आहोत.